सरकारी आयकार्ड मिळालं, आता प्रवासात त्याचा फायदा कसा घ्यायचा? केंद्राच्या नोकरीत नव्याने लागलेल्यांसाठी

आयकर, पोस्ट, कस्टम्स, एजी म्हणजे महालेखापालांचं ऑफिस, सीपीडब्ल्यूडी म्हणजे केंद्राचं बांधकाम खातं, अशा ठिकाणी आपली पोरंपोरी लागतात, गळ्यात आयकार्ड येतं आणि पहिल्याच महिन्यात प्रश्न सुरू होतात, हे दाखवलं की रेल्वेत सूट मिळते का, विमानात मिळते का, टोल माफ होतो का. सरळ सांगतो, काउंटरवर कार्ड पुढे केलं आणि पैसे कमी झाले असं जवळपास कुठेच होत नाही. खरा फायदा आहे तो एलटीसीचा, म्हणजे लीव्ह ट्रॅव्हल कन्सेशन, आणि तो मिळतो आधी अर्ज करून, ऑर्डर काढून, तिकिटं जपून ठेवून. बरेच नवे लोक पहिली चार-पाच वर्षं या वाटेला जातच नाहीत, कारण कुणी सांगितलेलंच नसतं, आणि गेलेलं वर्ष परत मिळत नाही. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

आधी कार्डाचं बघू. ट्रेनमध्ये टीटीईला ओळख दाखवायला केंद्र किंवा राज्य सरकारने दिलेलं, फोटो आणि अनुक्रमांक असलेलं ओळखपत्र चालतं, विमानतळाच्या गेटवर पण सर्व्हिस आयडी चालतो, त्यामुळे आधार घरी राहिलं तरी अडत नाही. कार्डावर नंबर नीट छापलाय का, फोटो पुसट झालाय का, मुदत संपलीय का एवढं निघायच्या आधी बघून घ्या. पण रेल्वेच्या तिकिटात सरकारी कर्मचारी म्हणून वेगळी सूट नाही. रेल्वे कर्मचाऱ्यांना पास आणि पीटीओ, म्हणजे सवलतीच्या तिकिटाची ऑर्डर, असतात, ती त्यांची वेगळी व्यवस्था. विमान कंपन्यांच्या साइटवर सैन्यदलांसाठी सवलतीचं भाडं दिसतं, ते आयकरच्या किंवा पोस्टाच्या कार्डावर घ्यायचं नाही, चेक-इनला कार्ड मागतात आणि मग तिथे ऐनवेळी फरक भरायची पाळी येते. टोलनाक्यावर पण तेच. कुणाला सूट आहे ती यादी २००८ च्या राष्ट्रीय महामार्ग फी नियमांत आहे आणि आपल्या खाजगी गाडीतून फिरायला निघालेला कर्मचारी त्यात बसत नाही, तेव्हा तिथे कार्ड काढून वाद घालू नका, आपल्याच खात्याचं नाव खराब होतं. हॉटेलांत काही ठिकाणी गव्हर्नमेंट रेट असतो, बुकिंगच्या वेळी फोनवर विचारायचं आणि मिळाला तर मेलवर लिहून घ्यायचं. आणि कार्डाचा फोटो कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका, हॉटेलवाल्याला तिथे गेल्यावर प्रत्यक्ष दाखवा.

आता मुख्य विषय. एलटीसी चालतं १९८८ च्या सीसीएस, म्हणजे केंद्रीय नागरी सेवा, एलटीसी नियमांवर, आणि सलग एक वर्ष नोकरी झाली की तुम्ही पात्र होता. पण पहिलं काम त्याच्याही आधीचं आहे, होमटाउन डिक्लेरेशन. जॉइन झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत आपलं मूळ गाव कोणतं ते लिहून द्यायचं असतं. जॉइनिंगच्या दिवशी वीसेक फॉर्म पुढ्यात येतात आणि त्या गडबडीत लोक भाड्याच्या खोलीचा पत्ता टाकून मोकळे होतात. हे अजिबात करू नका. समजा घर कराड तालुक्यात, शेती तिथे, आईवडील तिथे, आणि पोस्टिंग मुंबईत. तुम्ही होमटाउन म्हणून मुंबई लिहिलंत तर नोकरीचं ठिकाण आणि मूळ गाव एकच झालं, आणि मग होमटाउनचं एलटीसी मिळतच नाही. गाव ठरवताना ऑफिस काय बघतं, तर घरच्या आणि समाजाच्या कामांसाठी तुम्हाला तिथे जावं लागतं का, तिथे घर-जमीन किंवा जवळचे नातेवाईक आहेत का, नोकरीआधी तुम्ही तिथे राहिलात का. नंतर बदलता येतं, पण सगळ्या नोकरीत एकदाच. त्यामुळे घरी बोलून, विचार करून लिहा आणि दिलेल्या कागदाची एक कॉपी पोच घेऊन स्वतःकडे ठेवा. सर्व्हिस बुकात नोंद झाली का तेही डीलिंग हँडला, म्हणजे तुमची फाइल सांभाळणाऱ्या कारकुनाला, विचारा, नुसता फॉर्म देऊन भागत नाही.

दुसरं, आपल्या वाट्याला किती वेळा येतं ते मोजायला शिका. जुन्या कर्मचाऱ्यांचे चार-चार वर्षांचे ब्लॉक असतात, २०२२ ते २०२५ झाला, आता २०२६ ते २०२९, आणि त्यात दोन-दोन वर्षांचे तुकडे. दोन वर्षांत एकदा गाव, आणि चार वर्षांत एकदा गावाच्या ऐवजी भारतात कुठेही. त्यांचं वापरायचं राहिलं तर ब्लॉक संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षात वापरता येतं. नव्या माणसाला यापेक्षा जास्त मिळतं, आणि तेच कुणी सांगत नाही. पहिल्यांदा सरकारी नोकरीत आलेल्याला पहिली आठ वर्षं, म्हणजे चार-चार वर्षांच्या दोन ब्लॉकमध्ये, दरवर्षी एक अशी संधी असते, तीन वेळा गाव आणि चौथ्या वेळी भारतात कुठेही. मोजदाद जॉइनिंगच्या तारखेपासून सुरू होते आणि पुढे कॅलेंडर वर्षाने चालते. पण यात न वापरलेलं पुढच्या वर्षात ढकलता येत नाही, गेलं ते गेलं. यातली एक गंमत बघा, जो माणूस ३१ डिसेंबरला जॉइन झाला त्याचं एक वर्ष पुढच्या ३१ डिसेंबरला पूर्ण होतं, म्हणजे त्याला पहिली संधी त्या एकाच दिवशी, आणि १ जानेवारीपासून दुसरी सुरू. तेव्हा वर्षाच्या शेवटी-शेवटी जॉइन झालेल्यांनी तर कॅलेंडर समोर घेऊनच बसावं. आणि ज्यांचं गाव आणि पोस्टिंग खरंच एकाच ठिकाणी आहे, पुण्याचा मुलगा पुण्यातच, त्यांना गावाच्या तीन संधी नाहीत, फक्त चौथी.

घरचे कोण येऊ शकतात? नवरा किंवा बायको, अवलंबून असलेली दोन मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील. आईवडील तुमच्याबरोबरच राहायला हवेत अशी अट आता नाही, गावी राहत असले तरी चालतात, पण त्यांचं उत्पन्न पेन्शन धरून महिन्याला ₹९,००० अधिक त्यावरची महागाई एवढ्या मर्यादेच्या आत पाहिजे. वडील शिक्षक होते आणि चांगली पेन्शन येते तर ते बसणार नाहीत, शेतकरी असतील तर बहुतेक बसतील. या सगळ्यांची नावं ऑफिसातल्या फॅमिली डिटेल्समध्ये आधीपासून असली पाहिजेत. लग्न झालं, मूल झालं की लगेच नोंद करून घ्या, अर्जाच्या दिवशी आठवून उपयोग नाही. घरचे तुमच्याबरोबरच गेले पाहिजेत असंही नाही, ते वेगळे जाऊ शकतात, फक्त जाणं सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत परतीचा प्रवास पूर्ण झाला पाहिजे.

आता क्लास. पे मॅट्रिक्सच्या, म्हणजे पगाराच्या तक्त्याच्या, लेव्हल ५ पर्यंत थर्ड एसी किंवा एसी चेअर कार, लेव्हल ६ ते ८ ला सेकंड एसी, ९ ते १३ ला विमानाचा इकॉनॉमी क्लास. इथे एक घोटाळा नेहमी होतो तो लक्षात ठेवा, लेव्हल ६ ते ८ च्या माणसाला ऑफिसच्या टूरवर विमान मिळतं, त्यामुळे त्याला वाटतं एलटीसीला पण मिळेल, तर नाही, एलटीसीला त्याला सेकंड एसीच. राजधानी, शताब्दी, दुरांतो चालतात, २०२५ च्या जानेवारीपासून तेजस, वंदे भारत आणि हमसफर पण चालतात, तत्कालचे चार्जेसही मिळतात. स्वतःच्या हौसेने विमानाने गेलात तर जाऊ शकता, पण परत मिळणार ते तुमच्या क्लासच्या ट्रेनभाड्याएवढंच, आणि तरीही तिकीट ठरलेल्या एजंटाकडूनच काढावं लागतं.

ठरलेले एजंट तीन, आयआरसीटीसी, बामर लॉरी आणि अशोक ट्रॅव्हल्स. विमानाचं तिकीट या तिघांपैकी एकाच्या साइटवरूनच काढायचं. मोबाइलवर दुसऱ्या ॲपवर दोन हजार स्वस्त दिसतंय म्हणून तिथून काढलंत की बिल अडकलंच समजा, मग कितीही समजावून सांगा. शक्यतो निघण्याच्या किमान २१ दिवस आधी काढायचं, ज्या तीन तासांच्या स्लॉटमध्ये जायचंय त्यातलं सगळ्यात स्वस्त नॉनस्टॉप घ्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बुकिंग करताना ज्या पानावर सगळ्या फ्लाइट आणि त्यांचे दर दिसतात त्या पानाची प्रिंट त्याच क्षणी काढून ठेवायची, कारण बिल पास करताना हेच विचारतात की त्या वेळी यापेक्षा स्वस्त होतं की नव्हतं. दुसऱ्या दिवशी दर बदललेले असतात, मग ते पान तुम्हाला परत मिळत नाही. प्रिंट नसेल तर निदान तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट मेलवर टाकून ठेवा. ७२ तासांपेक्षा कमी वेळ राहिला असताना तिकीट काढलं तर कारण लिहून द्यावं लागतं. एका प्रवासाला एकच तिकीट, दोन-दोन काढून ठेवून एक रद्द करायचं हे चालत नाही.

मला जी सोय सगळ्यात जवळची वाटते ती आता सांगतो. ज्यांना विमान लागू नाही, म्हणजे एमटीएस (शिपाई वगैरे), पोस्टमन, एलडीसी (कनिष्ठ लिपिक), टॅक्स असिस्टंट, यांना पण ईशान्य भारत, अंदमान, जम्मू-काश्मीर आणि लडाख इथे विमानाने जाता येतं. चार वर्षांतलं एक गावाचं एलटीसी यासाठी बदलून घेता येतं, नव्या कर्मचाऱ्याला त्याच्या तीन गावाच्या संधींपैकी एक. सध्याची मुदत २५ सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे, आधी प्रत्येक वेळी वाढत आलीय, तरी निघायचं ठरवताना ताजी ऑर्डर ऑफिसात बघून घ्या. यात विमान मिळतं ते ठराविक टप्प्यावर. अंदमानला कोलकाता, चेन्नई किंवा विशाखापट्टणमहून, ईशान्येकडे कोलकाता किंवा गुवाहाटीहून, काश्मीर-लडाखला दिल्ली किंवा अमृतसरहून. तिथपर्यंत आपापल्या क्लासच्या ट्रेनने. म्हणजे नागपूरच्या पोस्ट ऑफिसातला लेव्हल ३ चा माणूस थर्ड एसीने चेन्नईला जाईल आणि तिथून आईवडिलांना घेऊन पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, विमानाने जाईल, आणि हे सगळं भाडं सरकार देईल. सावरकरांची कोठडी बघायची म्हणून आयुष्यभर बोलत असलेली किती माणसं आपल्या घरांत आहेत! वडिलांचे गुडघे चालतायत तोपर्यंत त्यांना नेऊन आणा, पुढच्या वर्षी बघू असं म्हणू नका. फक्त होमटाउन आणि पोस्टिंग एकच असलेल्यांना हे बदलून घेता येत नाही, हे वर लिहिलेल्या डिक्लेरेशनचं आणखी एक कारण.

रजेचं आता. एलटीसीला कुठली तरी रजा टाकावीच लागते, सीएल, म्हणजे नैमित्तिक रजा, पण चालते, पण नुसत्या शनिवार-रविवारच्या किंवा सणाच्या सुट्टीत जाऊन आलात तर एलटीसी नाही. आणि याच्या जोडीला एक फायदा असा की प्रत्येक एलटीसीला १० दिवसांपर्यंत ईएल, म्हणजे अर्जित रजा, विकता येते, सगळ्या नोकरीत मिळून ६० दिवस, आणि हे ६० दिवस रिटायर होताना मिळणाऱ्या ३०० दिवसांतून वजा होत नाहीत. हिशोब सोपा आहे, बेसिक अधिक महागाई भत्ता भागिले ३० गुणिले १०. बेसिक ₹३५,४०० असेल तर नुसत्या बेसिकवरच ₹११,८०० होतात, वर महागाई वेगळी. हॉटेल, जेवण, तिथली रिक्षा-टॅक्सी एलटीसीत मिळत नाही, त्याचा बराचसा खर्च यातून निघतो. पण अट अशी की विकलेली आणि घेतलेली रजा वजा केल्यावर खात्यात किमान ३० ईएल शिल्लक राहिली पाहिजे. वर्षाला ईएल मिळते ३०, त्यामुळे पहिल्याच वर्षी हे जमत नाही, ज्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हवंय त्यांनी किरकोळ कामांना ईएल उडवू नये, सीएल वापरावी.

अर्ज करताना जागेचं नाव स्पष्ट टाका. भारतात कुठेही म्हणजे एक लांबचं ठिकाण जाहीर करायचं असतं आणि जवळच्या थेट मार्गाने तिथपर्यंतचं भाडं मिळतं, वाटेत कुठे उतरलात, राहिलात तर ते तुमचं तुम्ही. बेत बदलला तर निघायच्या आधी लेखी कळवा. मंजुरीची ऑर्डर हातात आल्याशिवाय पैसे अडकवू नका. भाड्याच्या ९० टक्क्यांपर्यंत ॲडव्हान्स मिळतो, घेतल्यापासून १० दिवसांत तिकिटं दाखवावी लागतात. माझं मत असं, हातात पैसे असतील तर ॲडव्हान्स न घेतलेला बरा, कारण घेतला की बिलाची मुदत एकदम कमी होते, ते खाली येईलच. पण चार-पाच जणांचं कुटुंब आणि लांबचा प्रवास असेल तर बिनधास्त घ्या, ती सोय त्यासाठीच आहे.

राहायचं कुठे? डिरेक्टोरेट ऑफ इस्टेट्सची हॉलिडे होम्स आणि टूरिंग ऑफिसर्स होस्टेल्स आहेत, शिमला, मसुरी, कन्याकुमारी, म्हैसूर वगैरे ठिकाणी, बुकिंग ई-संपदा पोर्टलवर होतं, भाडं हॉटेलच्या मानाने खूपच कमी. इथे मात्र आयकार्ड खरोखर लागतं, मूळ कार्ड बरोबर न्या. मे महिन्यात शिमला-मसुरी मिळणं कठीण, जूनचा शेवट किंवा सप्टेंबर बघा. आपल्याकडची पीडब्ल्यूडीची रेस्ट हाऊस पण मिळतात, पण तिथे ड्युटीवरच्या अधिकाऱ्यांना आधी, आणि कुणी मोठा दौरा आला तर तुमची खोली जाऊ शकते, तेव्हा म्हातारी माणसं बरोबर असतील तर त्यावर अवलंबून राहू नका.

गाडीच्या बाबतीत सगळ्यात जास्त बिलं अडतात. स्वतःची कार, भाड्याची इनोव्हा, खाजगी ट्रॅव्हल्सची स्लीपर, यांचं भाडं मिळत नाही. एसटी, सरकारी महामंडळांच्या बस, पर्यटन महामंडळाच्या बस चालतात. जिथे कुठलंच सार्वजनिक वाहन जात नाही अशा ठिकाणी १०० किलोमीटरपर्यंत स्वतः लिहून दिलेल्या दाखल्यावर खाजगी गाडी मान्य होते, त्यापुढचं आपल्या खिशातून. आयआरसीटीसीचं पॅकेज घेतलंत तर फक्त प्रवासभाडं मिळतं, म्हणून ते वेगळं दाखवलेलं बिल मागून घ्या. आणि एसटीने गावी जाताना, महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना मोफत आहे, तर जेवढं तिकीट प्रत्यक्षात काढलं तेवढंच बिलात लावायचं. आईचं अर्धं तिकीट काढून पूर्ण लावलं असं करू नका, रक्कम शंभर-दोनशेची आणि चौकशी मात्र पूर्ण. खोटं बिल सापडलं तर शिस्तभंगाची कारवाई होतेच, शिवाय पुढच्या दोन एलटीसी पण जातात.

आणखी एक, कार्ड बघून लोक आपणहून काही द्यायला येतात. ज्याची फाइल तुमच्या टेबलावर आहे तो म्हणतो, साहेब गोव्याला चाललाय ना, आपलं हॉटेल आहे, राहा. राहू नका. १९६४ च्या कंडक्ट रूल्सच्या नियम १३ मध्ये फुकट राहणं, जेवण, गाडी हे सगळं भेटवस्तूतच धरलंय. एखादा चहा-नाश्ता, वाटेत दिलेली लिफ्ट याला हरकत नाही, पण ज्याचं काम आपल्याकडे आहे त्याची खोली नको. नवीन असताना नाही म्हणायला अवघड जातं, ‘माझं बुकिंग झालंय’ एवढं एकच वाक्य बोला, विषय संपतो.

राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी वरचं जसंच्या तसं धरू नये. त्यांची रजा प्रवास सवलत वेगळी, दोन वर्षांत एकदा स्वग्राम आणि चार वर्षांत एकदा महाराष्ट्र दर्शन, नियम वित्त विभागाच्या जीआरमध्ये, आस्थापना शाखेतून ताजी प्रत घ्या.

परत आल्यावर बिल. ॲडव्हान्स घेतला असेल तर परतीपासून एक महिना, नसेल तर तीन महिने. महिना उलटला तर सगळा ॲडव्हान्स एकदम भरावा लागतो आणि वर दंडव्याज. म्हणून आल्या-आल्या पहिल्या आठवड्यातच द्या. जोडायचं काय, तर मंजुरीची ऑर्डर, ई-तिकिटं, विमान असेल तर बोर्डिंग पास आणि ती दरांच्या पानाची प्रिंट, बसची तिकिटं. एसटीच्या तिकिटाची शाई महिनाभरात उडते, त्याच दिवशी फोटो काढून झेरॉक्स करून घ्या. टॅक्सचं म्हणाल तर एलटीसीची करमाफी जुन्या कररचनेतच मिळते, नवी रचना घेतली असेल तर ती रक्कम करपात्र धरा आणि फॉर्म १६ मध्ये कशी दाखवलीय ते तपासा. बिलावर ऑब्जेक्शन आलं तर तोंडी भांडत बसू नका, कुठल्या नियमाखाली आहे ते लिहून मागा आणि लिहूनच उत्तर द्या. नियम डीओपीटीच्या, म्हणजे केंद्राच्या कार्मिक विभागाच्या, साइटवर सगळ्यांना खुले आहेत, संबंधित ऑफिस मेमोरँडमची प्रत उत्तराला जोडली की बहुतेक बिलं पुढे सरकतात.